दम्याचा सेक्टरवार नकाशा नवी मुंबई पालिकेने जाहीर करावा का?

घणसोलीकर: ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला एमआयडीसी, पश्चिमेला आपली घरं. हिवाळ्यात रात्री वारा डोंगराकडून खाडीकडे वाहतो, म्हणून कोपरखैरण्यात वास नेमका रात्रीच येतो. दम्याचे रुग्ण कुठे जास्त आहेत, याचा नकाशा लोकांसमोर आलाच पाहिजे. १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनमधले कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले. ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती ते दाटलेले दिसले. रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू दाखवला तो तब्बल तीस वर्षांनी.

आकडेमोड: माझा विरोध आहे. पाणी बंद करायला पंपाचा दांडा काढला त्याआधीच साथ ओसरू लागली होती, हे स्नो यांनीच लिहून ठेवलंय. आणि त्यांच्याकडे एकेका मृत्यूचा पत्ता होता. तुम्ही सेक्टर रंगवायला निघालात. छोट्या गावठाणात दोन रुग्ण वाढले तरी लोकसंख्येमागे रुग्णांचा दर दुप्पट होऊ शकतो. त्याच घरांची सेक्टरऐवजी प्रभागवार वाटणी केली की हॉटस्पॉट दुसरीकडे सरकतो. अशा रंगांवरून लोक फ्लॅट घ्यायचा की नाही ते ठरवतील.

घणसोलीकर: म्हणून काहीच काढायचं नाही? कमी वस्तीचा दर आजूबाजूच्या दरांच्या आधाराने स्थिर करता येतो. संख्याशास्त्रज्ञ कुल्डॉर्फ यांची १९९७ची स्कॅन पद्धत तर प्रभागांच्या सीमा ओलांडूनच शोधते. लहानमोठी वर्तुळं फिरवत जायचं, आत अपेक्षेपेक्षा जास्त रुग्ण आहेत का आणि ते निव्वळ योगायोगाने असू शकतात का, हे तपासायचं.

आकडेमोड: आपला पट्टा रस्त्यालगत लांबट आहे, त्यात वर्तुळ नीट बसत नाही. हवेच्या प्रदूषणाच्या नकाशाचंही तेच. मोजणी केंद्रं मोजकी, मधली जागा क्रिगिंगने, म्हणजे आसपासच्या केंद्रांवरून अंदाज बांधून, भरायची. केंद्रापासून लांब गेलं की अंदाज कच्चा होतो, पण नकाशावर रंग तितकाच ठाम दिसतो.

आरोग्यसेविका, तुर्भे: तुम्ही दोघं नोंदी बरोबर आहेत असं धरून भांडताय. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या केसपेपरवर आधार कार्डावरचा गावचा पत्ता असतो. तुर्भे स्टोअरचा मजूर धाप लागली तरी कामावर जातो, दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात येत नाही. जिथे सोसणारे जास्त, तिथेच तुमचा नकाशा फिका दिसेल.

आकडेमोड: ताई, हा माझ्यापेक्षा मोठा मुद्दा आहे. आधी केसपेपर सुधारा, नकाशा नंतर.

घणसोलीकर: 'नंतर' मला मान्य नाही. केसपेपरवर राहता सेक्टर आणि तिथे किती वर्षं, हे दोन रकाने या हिवाळ्याआधी वाढवा. मजुरांसाठी वस्तीत जाऊन तपासणी करा. नकाशा काढाच, आणि अंदाज जिथे कच्चा आहे तिथे रंग न भरता रेघा मारा.