शब्दचर्चा : ‘रेफरन्स मॉडेल’ला मराठीत काय म्हणायचं, आणि ‘पारदर्शकते’चं काय करायचं?

दिंडोरीकर :
शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांसाठी एक छोटी पुस्तिका करतो आहे. अनेक संस्थांत विखुरलेली मोठी संगणक प्रणाली समजून घ्यायला आरएम-ओडीपी (रेफरन्स मॉडेल ऑफ ओपन डिस्ट्रिब्युटेड प्रोसेसिंग) हे रेफरन्स मॉडेल कसं लावायचं, हा विषय. वाचणारे बहुतेक द्राक्ष बागायतदार आणि पॅकहाऊसवाले. युरोपला जाणारा माल ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, नोंदवावा लागतो, त्यामुळे अशा प्रणालीशी त्यांची गाठ दर हंगामात पडतेच. भाषांतरकाराने पहिल्या मसुद्यात ‘वितरित उद्योग प्रणाली स्थापत्यासाठी आदर्श संदर्भ नमुना’ असं मथळ्यातच टाकलंय. मला हे खटकतंय. काय बदलू? याशिवाय व्ह्यूपॉइंट आणि ट्रान्स्परन्सी हे दोन शब्द पानोपानी येतात, त्यांचंही सांगा.

सातपूरकर :
‘आदर्श’ आधी उडवा. मॉडेल म्हणजे आदर्श हे समीकरण आपल्या डोक्यात आदर्श आचारसंहितेमुळे बसलंय. तिथे ते बरोबर आहे, कारण ती संहिता पाळायची असते. रेफरन्स मॉडेल कोणी पाळत नाही. ओएसआयचंच बघा. संगणक एकमेकांशी कसे बोलतात ते सात थरांत मांडणारं ते मॉडेल आयएसओ ७४९८ म्हणून १९८४ साली आलं. इंटरनेट टीसीपी-आयपीवर चालतं, तिथे ते सात थर एकास एक मोजून दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाहीत. तरी आमच्या कारखान्यात नेटवर्कवाला फोनवर ‘लेयर टूचा लोचा आहे’ म्हणतो आणि पलीकडचा राउटर सोडून सरळ स्विचकडे जातो. दोन माणसांना एकाच जागी बोट ठेवता यावं, एवढ्यासाठी ते मॉडेल असतं.

‘नमुना’ तर तुमच्या वाचकांसाठी अगदीच नको. त्यांच्याकडे नमुना म्हणजे एक तर गाव नमुना सात-बारा आणि आठ-अ, नाहीतर रेसिड्यू टेस्टिंगसाठी (फवारणीच्या औषधांचे अंश तपासायला) बागेतून काढून लॅबला पाठवलेले घड. ‘संदर्भ नमुना’ वाचून निम्मे लोक प्रयोगशाळेत ठेवलेला दुसरा नमुना समजतील.

कॉलेज रोड :
‘प्रारूप’ असं कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगते, तोही नको. प्रारूप मतदार यादी, प्रारूप विकास आराखडा यांमुळे तो शब्द ‘अजून अंतिम न झालेलं’ या अर्थाला पक्का चिकटला आहे. हरकती-सूचना मागवल्यात की काय असं वाटेल.

‘प्रतिमान’ पुस्तकी आहे, मान्य. पण अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तो मॉडेलसाठी रुळलाय आणि रोजच्या बोलण्यात त्याला दुसरा उद्योग नाही, हा त्याचा मोठा गुण. ‘संदर्भ’ ठेवाच. सरकारी पत्राच्या डोक्यावर ‘संदर्भ : आपले पत्र क्रमांक अमुक’ असतं. पुढचा सगळा मजकूर त्याच्या आधाराने वाचायचा, हा त्याचा अर्थ, आणि इथे नेमका तोच हवा. (नाशिकमध्ये नुसतं ‘संदर्भ’ म्हटलं की लोक शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयाचा रस्ता सांगतात, पण पुस्तिकेत तेवढा धोका पत्करायला हरकत नाही.)

माझं मत : पहिल्यांदा ‘संदर्भ प्रतिमान, म्हणजेच रेफरन्स मॉडेल’ असं लिहा आणि पुढे नुसतं ‘प्रतिमान’.

जुना प्रोग्रामर :
शब्द ठरवण्याआधी ही वस्तू काय आहे ते सगळ्यांसमोर असलेलं बरं. आरएम-ओडीपी म्हणजे आयएसओ/आयईसी १०७४६ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण (स्टँडर्ड). चार भाग आहेत, त्यांतले दुसरा आणि तिसरा हे गाभ्याचे, पहिल्यांदा १९९६ साली आलेले. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडे तेच एक्स-९०१ ते एक्स-९०४ या क्रमांकांनी आहेत. यातला मुख्य विचार असा की विखुरलेली प्रणाली एकाच चित्रात मावत नाही, म्हणून तिच्याकडे पाच अंगांनी (हेच ते व्ह्यूपॉइंट) बघा : एंटरप्राइझ, इन्फर्मेशन, कॉम्प्युटेशनल, इंजिनिअरिंग आणि टेक्नॉलॉजी. हे पाच थर नाहीत. ओएसआयची सवय झालेला माणूस हमखास इथे अडखळतो आणि एकावर एक पाच खोकी काढून मोकळा होतो. वर-खाली काही नाही, पाचही जण एकाच प्रणालीबद्दल बोलत असतात.

द्राक्षाच्या निर्यातीवर लावून बघा. एंटरप्राइझ अंगात सर्व्हरचा विषयच निघत नाही. कोण कोण आहे, कशासाठी एकत्र आलंय आणि कोणावर काय बंधन आहे, एवढंच विचारायचं. बागायतदार, प्लॉटची नोंदणी करणारं कृषी खातं, प्रयोगशाळा, पॅकहाऊस, निर्यातदार, फायटोसॅनिटरी (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा) दाखला देणारी यंत्रणा आणि सगळ्यांना जोडणारी अपेडा, म्हणजे केंद्राचं शेतमाल निर्यात प्राधिकरण. प्रमाणातल्या भाषेत ही ‘कम्युनिटी’, आणि तिचे नियम तीन जातींचे. त्यांना मराठीत मी बंधन, मुभा आणि मनाई म्हणतो. नोंदणी नसलेल्या प्लॉटचा माल घ्यायला मनाई, ठरलेल्या यादीतून प्रयोगशाळा निवडायची मुभा, निकाल प्रणालीवर चढवायचं बंधन. इन्फर्मेशन अंगात प्लॉट, नमुना, निकाल, लॉट या गोष्टी आणि त्यांच्यात कायम खरी राहायला हवीत अशी नाती : प्रत्येक लॉट कुठल्या तरी नोंदलेल्या प्लॉटपर्यंत मागे नेता आला पाहिजे. कॉम्प्युटेशनलमध्ये कुठला घटक कुठल्या इंटरफेसने कोणाला काय विचारतो ते. ते घटक कुठल्या नोडवर (संगणकावर) बसतात, मधली चॅनल कशी, हे इंजिनिअरिंगमध्ये. टेक्नॉलॉजीत प्रत्यक्ष विकत घेतलेला माल, म्हणजे अमुक डेटाबेस, तमुक क्लाउड.

याचा फायदा काय, तर २०१० चा हंगाम आठवा. युरोपात पोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेबाहेर निघाले आणि माल अडकला. बागेत त्याला सीसीसी म्हणतात, वेलीची शेंडावाढ रोखायला मारतात. आपल्याकडे तपासायच्या रसायनांची जी यादी होती तिच्यात ते तेव्हा नव्हतंच. आता पाच अंगांवर बोट फिरवून बघा. सर्व्हर चालू होते. निकाल चढत होते, दाखले निघत होते. ‘यादीतल्या प्रत्येक रसायनाचा निकाल हवा’ ही अटसुद्धा पाळली जात होती. म्हणजे चार अंगं स्वच्छ! प्रश्न उरलेल्या एंटरप्राइझ अंगातला होता : यादी कोणी ठरवायची, समोरच्या बाजारात काय तपासतात त्यावर नजर कोणी ठेवायची आणि यादीत भर घालायचं बंधन कोणावर. नवं सॉफ्टवेअर आणून हे सुटलं नसतं. संचालकांना एवढं कळलं तरी पुस्तिकेचे पैसे वसूल.

म्हणून माझा आग्रह असा की व्ह्यूपॉइंटला ‘दृष्टिकोन’ न म्हणता ‘अंग’ म्हणा. दृष्टिकोन म्हटलं की ‘ज्याचा त्याचा दृष्टिकोन’ येतो आणि वाद घालायला जागा होते.

कॉलेज रोड :
‘अंग’ बोलायला छान, पण अंग वस्तूचं असतं आणि व्ह्यूपॉइंट बघणाऱ्याचा. शिवाय प्रणालीच्या रचनेचं वर्णन कसं करायचं ते सांगणाऱ्या आयएसओ ४२०१० या प्रमाणात व्ह्यू आणि व्ह्यूपॉइंट वेगळे आहेत : ज्या नियमांनी बघायचं तो व्ह्यूपॉइंट, आणि बघून जे कागदावर उतरलं तो व्ह्यू. ‘दृष्टिकोन’ आणि ‘दृश्य’ ही जोडी तो फरक सांभाळते. ‘अंग’ घेतलंत तर व्ह्यूला काय म्हणणार?

जुना प्रोग्रामर :
व्ह्यूला ‘चित्र’. पण ठीक आहे, पुढेमागे ४२०१० ची भानगड पुस्तिकेत येणार असेल तर दृष्टिकोन घ्या.

सातपूरकर :
खरी अडचण ट्रान्स्परन्सीची आहे. ‘पारदर्शकता’ छापलंत तर अर्थ शंभर टक्के उलटा जाईल. माहितीच्या अधिकाराने त्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे पक्का करून टाकलाय : सगळं उघड, आतलं सगळं दिसतं. आरएम-ओडीपीमध्ये लोकेशन ट्रान्स्परन्सी म्हणजे पलीकडचा घटक कुठे आहे हे वापरणाऱ्याला दिसतच नाही, आणि दिसायची गरजही पडत नाही. फेल्युअर ट्रान्स्परन्सी म्हणजे बिघाड होऊन दुरुस्तही झाला आणि पलीकडच्याला पत्ता नाही. ‘या प्रणालीत बिघाडाबाबत पूर्ण पारदर्शकता आहे’ हे वाक्य सहकारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा, सभासद टाळ्या वाजवतील. पण सांगितलं काय, तर बिघाड झाकले जातात!

कॉलेज रोड :
मुळात शब्द चुकीचा नाही. काच पारदर्शक असते तेव्हा काच स्वतः दिसत नाही, पलीकडचं दिसतं. इथे यंत्रणा दिसत नाही, सेवा दिसते. पण व्यवहारात हा अर्थ हरलाय, हे तुमचं खरं. ‘निरपेक्षता’ कशी वाटते? स्थाननिरपेक्षता, प्रतनिरपेक्षता, स्थलांतरनिरपेक्षता.

जुना प्रोग्रामर :
स्थान आणि प्रत (एकाच गोष्टीच्या अनेक प्रती असल्या तरी वापरणाऱ्याला एकच दिसते) यांना चपखल. प्रमाणात आठ आहेत : ॲक्सेस, फेल्युअर, लोकेशन, मायग्रेशन, रिलोकेशन, रेप्लिकेशन, पर्सिस्टन्स, ट्रान्झॅक्शन. त्यांतल्या मायग्रेशन आणि रिलोकेशनला दोन वेगळे मराठी शब्द शोधताना घाम फुटेल. पहिल्यात हलणाऱ्या घटकालाच आपण हललो हे कळत नाही, दुसऱ्यात त्याच्याशी जोडलेल्या बाकीच्यांना कळत नाही. पुस्तिकेत आठही घालू नका. स्थान, प्रत आणि बिघाड पुरेत.

आणि एक गोष्ट ठळक टाइपात छापा : यातली कुठलीही निरपेक्षता फुकट येत नाही आणि सगळ्या घ्यायलाच हव्यात असंही नाही. प्रयोगशाळेचा निकाल कुठल्या शहरातल्या सर्व्हरवर पडलाय हे पॅकहाऊसला कळायची गरज नाही, तिथे स्थाननिरपेक्षता घ्या. पण निकाल चढलाच नाही आणि पडद्यावर जुनाच निकाल दिसतोय, हे मात्र झाकून चालणार नाही. कंटेनर न्हावाशेवाच्या रस्त्याला लागल्यावर ते कळून काय उपयोग? तिथे ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं तोंडावर सांगणारी प्रणाली मला जास्त आवडेल.

दिंडोरीकर :
निरपेक्षता घेतो. ‘वितरित’चं काय?

सातपूरकर :
वितरित म्हटलं की महावितरण आणि रेशन. ‘विकेंद्रित’ तर मुळीच नको, तो अधिकाराबद्दलचा शब्द आहे. प्रणाली चार गावांत विखुरलेली असून अधिकार सगळा दिल्लीत, असं असू शकतं. ‘विखुरलेली’ लिहा, तुम्ही पहिल्या प्रश्नात तेच लिहिलंय.

कॉलेज रोड :
आणि स्थापत्याऐवजी ‘रचना’. स्थापत्य म्हटलं की पीडब्ल्यूडी.

दिंडोरीकर :
मथळा असा होतो : ‘विखुरलेल्या उद्योग प्रणालींच्या रचनेसाठी संदर्भ प्रतिमान’. पण ‘उद्योग’वर माझं मन बसत नाही. अपेडा उद्योग नाही, कृषी खातंही नाही.

जुना प्रोग्रामर :
नाहीच. ओडीपीत एंटरप्राइझ म्हणजे कंपनीच असं नाही, कुठल्याही समान उद्देशाने एकत्र आलेली मंडळी चालतात. ‘उपक्रम’ जवळ जातो, पण त्याला शाळेच्या प्रकल्पाचा वास येतो. मी ‘बहुसंस्थीय’ म्हणेन. निदान वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळेल की यात एकटी आपली कंपनी नाही.

सातपूरकर :
मथळ्यात बहुसंस्थीय, आत पहिल्या अंगाचं नाव ‘एंटरप्राइझ’ असंच देवनागरीत. पॅकहाऊसमध्ये सॉफ्टवेअर विकायला येणारा तोच शब्द बोलणार आहे, ओळखीचा झालेला बरा.