क्रोम प्लेटिंगच्या गाळाचा जुना खड्डा मुरूम टाकून बुजवला तर चालेल का?

शिरोलीचा भागीदार:
शिरोली एमआयडीसीतील आमचा हार्ड क्रोम प्लेटिंगचा कारखाना बंद करून शेड विकण्याचे भावाभावांत ठरले आहे. मागील बाजूस सांडपाण्याचा गाळ साठवण्याचा खड्डा असून, त्यात शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा (अर्ध्या मिलिमीटरचा) प्लास्टिक कागद अंथरला आहे. एका कोपऱ्यात तो उन्हाने तडकला आहे. गाळ हिरवट दिसतो, मात्र कडेच्या मातीवर पिवळे डाग आहेत. वर मुरूम टाकून कोबा केला की विषय संपला, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. जाणकारांचे मत काय?

ईटीपीवाला (सांडपाणी प्रक्रिया संयंत्र सांभाळणारा):
विषय संपत नाही, तो फक्त झाकला जातो. हिरवा रंग बहुधा त्रिसंयुजी क्रोमियमचा, जे चुन्यासोबत गाळात बसून राहते. पिवळे डाग मात्र षट्संयुजी, म्हणजे जास्त विषारी क्रोमियमचे असण्याची शक्यता अधिक, आणि ते पाण्याबरोबर वाहते. धोकादायक कचऱ्याच्या कायमस्वरूपी भरावासाठी चिकणमातीच्या थरावर किमान १.५ मिलिमीटर जाडीचे एचडीपीई (दाट प्लास्टिकचे) अस्तर, झिरपलेले पाणी गोळा करणारी यंत्रणा आणि बंद केल्यानंतर ३० वर्षे देखरेख, एवढे सारे अपेक्षित असते. तुमचा खड्डा ही तात्पुरती साठवण आहे, आणि धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार अशी साठवण सर्वसाधारणपणे ९० दिवसांपुरतीच मान्य आहे. त्यामुळे गाळ उचलून, नमुना १० मधील वाहतूक-पत्रकासह धोकादायक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत सुविधेकडे पाठवणे हाच मार्ग आहे. आपल्याला पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या सुविधेचा विचार करता येईल. फाटलेला कागद, खरवडलेली माती आणि अवजारे धुतलेले पाणी हेही त्याच कचऱ्यात धरा.

शिरोलीचा भागीदार:
गाळ नेण्यापूर्वी खड्ड्यातच हिराकस (फेरस सल्फेट) टाकून पिवळेपणा घालवला तर?

प्रयोगशाळेतील एक:
हिराकस षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजीत रूपांतर करते हे खरे, पण वाळलेल्या गाळात ते सारखे मिसळत नाही आणि वरून घातलेल्या पाण्याने तडकलेल्या कोपऱ्यातून झिरपण्यास वाटच मिळते. शिवाय त्या शेडमध्ये पूर्वी कधी सायनाइडचे झिंक किंवा तांब्याचे प्लेटिंग झाले असेल, तर तिथे आम्ल, आणि आम्लधर्मी असलेले हिराकसाचे द्रावणही, अजिबात नेऊ नका. सायनाइडशी त्याचा संयोग झाल्यास तयार होणारा वायू जीवघेणा असतो. आधी जुन्या कामगारांना विचारा. गाळ काढल्यावर तळाच्या आणि चारही बाजूंच्या मातीचे नमुने घ्या, आणि तुलनेसाठी खड्ड्यापासून दूरच्या, उताराच्या वरच्या अंगाच्या मातीचाही एक. तळाचा एकच नमुना देऊन मोकळे होणारे बरेच भेटतात; तडकलेल्या कोपऱ्याखालचा नमुना त्यांना नेमका आठवत नाही!

ईटीपीवाला:
एक भर घालतो. आपल्याकडे मातीखाली मुरूम आणि त्याखाली भेगांचा काळा कातळ असल्याने पाणी सरळ खाली न जाता आडवे सरकते, म्हणून आसपासच्या विहिरी आणि बोअर यांचे पाणीही तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. उपसा पावसाळ्यापूर्वी उरकावा, नाहीतर उघड्या खड्ड्यात साचणारे पाणीही टँकरने हलवावे लागेल. मातीचे अहवाल आणि वाहतूक-पत्रके प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सादर केल्याखेरीज खरेदीखताची तारीख मात्र ठरवू नका.