'प्रोसेसर इनिशियलायझेशन': सुरू करणे, उठवणे की सज्ज करणे?

प्रश्न
कोअरबूटच्या (संगणक चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मुक्त फर्मवेअरच्या) टिपा मराठीत लिहिताना गाडी 'प्रोसेसर इनिशियलायझेशन'पाशी अडते. 'प्रारंभीकरण' लिहिले तर वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. 'इनिशियलायझेशन फेल झाले' हे कसे लिहावे?

उत्तर १
'प्रारंभीकरण' टाळाच. व्हेरिएबल असेल तर आपण सरळ 'सुरुवातीची किंमत देणे' म्हणतो. प्रोसेसरचे तसे नाही, तो तर आधीच चालू झालेला असतो. रीसेट सुटला की एक्स८६चा (इंटेल-एएमडी घराण्यातल्या प्रोसेसरचा) मुख्य कोअर ४ जीबीच्या टोकापासून १६ बाईट आधीच्या पत्त्यावरून पहिली सूचना उचलतो. त्या क्षणी रॅम नसते, म्हणून स्टॅकही (परतीचे पत्ते ठेवायची जागा) नसतो. कोअरबूट आधी कॅशलाच तात्पुरती रॅम म्हणून वापरतो, खरी रॅम तयार झाली की कॅश मोकळी करतो, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) चढवतो, एमटीआरआर (मेमरीचा कोणता भाग कसा कॅश करायचा ते सांगणारी रजिस्टरे) भरतो, बाकीचे कोअर उठवतो. या सगळ्याला मिळून 'सज्ज करणे' म्हणावे.

'सुरू होत नाही' हे शब्द फक्त पहिली सूचनाच चालली नाही, तेव्हासाठी राखून ठेवा. पोर्ट ८०च्या (बूटचे टप्पे आकड्यांनी दाखवणाऱ्या) कार्डावर एकही कोड उमटत नाही, ती ही अवस्था. तेव्हा सोर्समध्ये डोके घालण्याआधी फर्मवेअरची फ्लॅश चिप तपासावी. थिंकपॅड एक्स२३०मध्ये ८ एमबी आणि ४ एमबी अशा दोन चिपा आहेत आणि बूटब्लॉक (कोअरबूटचा पहिला चालणारा भाग) ४ एमबीच्या चिपेच्या अगदी शेवटी बसतो. १२ एमबीची फाईल कापताना शेवटचे ४ एमबी नीट घेतले नाहीत, तर पहिल्या सूचनेच्या जागी भलतेच बाईट येतात. चिप दोनदा वाचून दोन्ही फाईली ताडून पाहाव्यात. त्या जुळत नसतील तर चिपेवरची प्रोग्रामरची क्लिप नीट बसलेली नाही. प्रोग्रामरच्या डेटा पिनांवर ३.३ व्होल्टच आहेत ना, हेही मीटरने बघून घ्यावे.

उत्तर २
'सज्ज करणे' पटले. मात्र बाकीच्या कोअरांसाठी 'उठवणे' वेगळेच ठेवायला हवे, कारण ती वेगळी पायरी आहे. मुख्य कोअर आधी इनिट (रीसेटचा संदेश) पाठवतो, १० मिलिसेकंद थांबतो, मग सिपी (कुठून सुरू व्हायचे ते सांगणारा संदेश) पाठवतो. पहिल्या सिपीनंतर साधारण २०० मायक्रोसेकंदांनी दुसरी जाते. सिपीमध्ये पत्ता पूर्ण नसतो, फक्त ४ केबीच्या पानाचा क्रमांक असतो, त्यामुळे उठणाऱ्या कोअरचा कोड १ एमबीच्या आतच लागतो. कोअरबूट तो हेक्स ३०००० वर ठेवतो.

इथे एक गोष्ट नेहमी नजरेतून सुटते. तो पत्ता रॅममधला आहे. रॅमचे ट्रेनिंग (सिग्नलांच्या वेळा जुळवणे) काठावर पास झालेले असेल तर उठणारा कोअर कचरा वाचतो आणि दोष दिला जातो प्रोसेसरला. म्हणून कोअर उठत नसेल तर आधी एकच रॅमपट्टी लावून पाहावे.

दोन कोअर, चार थ्रेडच्या आय५ वर लॉगमध्ये ३ एपी (मुख्य सोडून बाकीचे; इथे प्रत्येक थ्रेड कोअर म्हणून मोजतात) उठवायचा प्रयत्न सुरू असल्याची ओळ येते आणि मग प्रत्येकाचा एपिक क्रमांक (त्याची ओळख). दोनच आले तर 'एक कोअर उठला नाही' असे लिहा. तिन्ही आले, पण लिनक्स कोअरांच्या एमटीआरआर जुळत नाहीत म्हणून तक्रार करतो, तर 'कोअर उठला, पण अर्धवट सज्ज' असे लिहा. दुरुस्तीची जागा या दोन वाक्यांवरूनच ठरते.

प्रश्न
मायक्रोकोड 'टाकणे', 'भरणे' की 'चढवणे'?

उत्तर १
फ्लॅश चिपमध्ये 'टाकतात', प्रोसेसरवर 'चढवतात'. चिपमधला वीज गेली तरी राहतो, प्रोसेसरवरचा पुसला जातो आणि दर वेळी प्रत्येक कोअरवर नव्याने चढवावा लागतो. 'टाकला आहे, पण चढला नाही' ही तक्रार फार नेमकी आहे. टाकला आहे का, हे सीबीएफएसटूलच्या (कोअरबूटची फाईल उघडून पाहण्याच्या साधनाच्या) यादीत मायक्रोकोडची फाईल दिसते का यावरून कळते. चढला का, हे लॉगमधल्या मायक्रोकोडच्या ओळीवरून. तिथे सिग (प्रोसेसरच्या मॉडेलची सही) ३०६ए९, पीएफ (प्लॅटफॉर्मचा प्रकार) १० आणि शेवटी रिव्हिजन शून्य दिसली, तर त्या वेळेपर्यंत काहीही चढलेले नाही. लॉगवर भरवसा नसेल तर एमएसआर (प्रोसेसरचे खास रजिस्टर) हेक्स ८बी मध्ये शून्य लिहावे, सीपीयूआयडी १ (प्रोसेसरची ओळख देणारी सूचना) चालवावे आणि त्याच एमएसआरचे वरचे ३२ बिट वाचावेत.

न चढण्याचे नेहमीचे कारण म्हणजे सिग किंवा पीएफ न जुळणे. ३०६ए९ इंटेलच्या आयव्ही ब्रिज पिढीचा, २०६ए७ त्याआधीच्या सँडी ब्रिजचा. दोघांचे सॉकेट बऱ्याचदा एकच असल्यामुळे प्रोसेसर बदलला जातो आणि फाईल जुनीच राहते.

उत्तर ३
'हँग झाला' या शब्दाबद्दल बोलायलाच हवे, कारण त्याने सर्वाधिक घोळ होतो. तीन शब्द वेगळे ठेवा.

'थांबला': कोअरबूटनेच कारण लिहून काम बंद केले. सीपीयूआयडीची सही त्याच्या तक्त्यात नाही, हे एक उदाहरण.

'अडकला': पोर्ट ८० वर एकच कोड टिकून राहतो, लॉगची शेवटची ओळ अर्धवट असते. कॅश-रॅमच्या टप्प्यात असे झाले तर स्टॅक कॅश-रॅमच्या हद्दीबाहेर गेला का, ते पाहा. बाहेरचा पत्ता कॅशमध्ये आला की आतली ओळ बाहेर ढकलली जाते आणि परतीचा पत्ताच नाहीसा होतो.

'फिरतोय': कोडांची तीच मालिका पुन्हापुन्हा येते. बहुतेक वेळा ट्रिपल फॉल्टमुळे (चूक हाताळतानाच पुन्हा चुका झाल्यामुळे) चिपसेट रीसेट देतो.

आणि लॉग सीरियल पोर्टवर, ११५२०० वेगाने घ्या. सीबीमेमने (मेमरीतला लॉग वाचणाऱ्या साधनाने) लॉग काढायला यंत्र आधी लिनक्सपर्यंत पोहोचावे लागते.

प्रश्न
म्हणजे तक्रार अशी चालेल का: 'एक्स२३०, ३०६ए९, मायक्रोकोड चढला, मुख्य कोअर सज्ज, ३ पैकी २ एपी उठले, तिसऱ्याशी अडकला'?

उत्तर २
चालेल. त्यात रॅमपट्ट्या किती आणि कोणत्या खाचेत, तेवढे जोडा.