जुन्या पीसीवर मोनेरो: गाडी अडते प्रोसेसरच्या कॅशपाशी
जुन्या पीसीवर क्रिप्टो मायनिंग (संगणकाला गणितं सोडवायला लावून डिजिटल नाणी मिळवणं) करावं का, या इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ‘बिटकॉइन विसरा, पण मोनेरो जुन्या प्रोसेसरवरही निघतं’. मोनेरो हेही असंच एक डिजिटल नाणं; पण ते म्हणणं अर्धंच पटलं. 2019 पासून मोनेरो मायनिंगसाठी रँडमएक्स नावाची गणितपद्धत वापरतं, ते मुद्दाम साध्या प्रोसेसरसाठी बनवलंय हे खरं. पण त्याला दर थ्रेडमागे (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्यातलं एकेक काम) 2 एमबी एल3 कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) लागते, हे इथे कुणी सांगितलंच नाही. माझ्या आय3-2100 या जुन्या इंटेल प्रोसेसरमध्ये सगळी मिळून 3 एमबी, म्हणजे चारपैकी एकच थ्रेड धड चालायचा. त्यात एईएसची (एन्क्रिप्शनची गणितं झटपट करण्याची) सोयही नाही, त्यामुळे वेग आणखी पडतो.

प्लगला मीटर लावून पाहिलं तर 60 वॅट. दिवसरात्र चालवलं की महिन्याला 43 युनिट! शिवाय पंखा घरघरायला लागला म्हणून उघडलं, तर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. आता लिनक्स टाकून तोच पीसी भाचीला अभ्यासाला दिलाय.