हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सच्या मास्टर्सला अर्ज: आधी वॉर्ड की आधी पायथन?

रात्रपाळी
हल्ली ओळखीपाळखीतून बऱ्याच जणांच्या एसओपी (अर्जासोबतची 'मला हे का शिकायचंय' सांगणारी पत्रं) माझ्याकडे वाचायला येतात, सगळ्या हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सच्या, म्हणजे आरोग्यसेवेतली माहिती संगणकावर हाताळण्याच्या शास्त्राच्या, मास्टर्ससाठी. मी नर्स आहे, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल. वाटू दे. ज्याने रुग्णालयात, लॅबमध्ये किंवा औषध विभागात निदान वर्षभर काम केलेलं नाही, त्याने या अभ्यासक्रमाला अर्ज करू नये. केलाच, तर निवड समितीने त्याला "आधी जाऊन या" म्हणावं.

उदाहरण देते. २००५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. डॉक्टरांनी औषधं कागदाऐवजी संगणकावर लिहायची प्रणाली, म्हणजे सीपीओई. चुका कमी व्हाव्यात म्हणून आणलेली. पण तिच्यामुळेच चुकांना वाट मिळते असे २२ प्रकार त्यांना सापडले. त्यातला एक मला कायम आठवतो. औषध निवडलं की पडद्यावर समजा १० मिलिग्रॅम दिसायचं. तो आकडा यायचा औषध विभागाने कुठल्या ताकदीच्या गोळ्या भरून ठेवल्यात त्यावरून. नेहमीचा डोस २० किंवा ३० असला तरी पडद्यावर १०च. आणि निवासी डॉक्टर तोच आकडा डोस समजून चालायचे.

ज्याने औषधांची ट्रॉली ढकललीय त्याला हा पडदा बघताक्षणी खटकला असता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी तो बनवला, म्हणून तो तसा झाला.

डावा_कंस
असहमत, आणि तुमच्याच उदाहरणावरून. रॉस कॉपेल समाजशास्त्रज्ञ आहेत. डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, फार्मासिस्टही नाहीत. तुमचा नियम लावला तर त्यांचाच अर्ज पहिल्या फेरीत बाद. ती प्रणाली रोज वापरणारे मात्र सगळे वॉर्डातले होते आणि त्यांनी तो १० चा आकडा निमूटपणे मान्य केला होता. जवळून पाहणाऱ्याला दिसतंच असं नाही, उलट सवयीने दिसेनासं होतं.

आता माझं उदाहरण. रुग्णालयांची संगणकप्रणाली बनवणाऱ्या एपिक कंपनीचं सेप्सिसचा (संसर्गातून उद्भवणाऱ्या जीवघेण्या अवस्थेचा) अंदाज देणारं मॉडेल शेकडो रुग्णालयांत चालू होतं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ते आपल्या रुग्णांवर तपासलं आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. एयूसी, म्हणजे आजारी आणि बरे वेगळे ओळखण्याच्या ताकदीचं माप (कमाल १), निघालं ०.६३. नुसत्या नाणेफेकीला ०.५ मिळतो. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण मॉडेलच्या हातून सुटले होते, आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांवर त्याची घंटा वाजत होती. "उगाच वाजते हो ती" असं वॉर्डात सगळेच म्हणत असतील. पण किती उगाच, हे सांगायला संख्याशास्त्र लागतं. अर्ज करणाऱ्याला एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि बायोस्टॅट (आरोग्याचं संख्याशास्त्र) येत नसेल तर पहिल्याच सत्रात त्याचं घोडं पेंड खातं.

तिसरा_बाक
कॉपेल समाजशास्त्रज्ञ निघाले! खुर्ची ओढून बसलोय, चालू द्या.

रात्रपाळी
समाजशास्त्रज्ञ आहेत, माहीत आहे मला. पण त्यांनी केलं काय ते बघा ना. निवासी डॉक्टरांच्या मुलाखती, गटचर्चा, कामावर असताना त्यांच्या मागे राहून निरीक्षण, त्यानंतर मोठी प्रश्नावली. म्हणजे माणूस वॉर्डात गेलाच. पगार घेऊन गेला की वही घेऊन, यावर मी अडून बसणार नाही.

माझ्याकडे आलेल्या एसओपींत वहीसुद्धा नव्हती. "आरोग्यसेवेत एआयने क्रांती घडवायची आहे" इथून सुरुवात, मग ऑनलाइन प्रमाणपत्रांची माळ. एकीला विचारलं, डिस्चार्ज समरी कोण लिहितं आणि ती लिहिताना तो माणूस कुठल्या कुठल्या पडद्यांवर जातो? उत्तर नाही. पायथनसारखी प्रोग्रामिंगची भाषा कुठेही शिकता येते. हे कुठल्या व्हिडिओत मिळणार?

पडताळणी
असे अर्ज वाचायचं काम काही वर्षं केलं आहे, म्हणून लिहितो. इंटरनॅशनल मेडिकल इन्फॉर्मॅटिक्स असोसिएशनच्या २०१० च्या शिक्षणविषयक शिफारशींत तीन मुख्य अंगं धरली होती: आरोग्य माहितीशास्त्राचा स्वतःचा गाभा, वैद्यक व आरोग्यव्यवस्था, आणि संगणक-गणित-सांख्यिकी. तिन्ही घेऊन येणारा अर्जदार मी पाहिलेला नाही. तसा कुणी असता तर तो अर्ज कशाला करेल? त्यामुळे "वॉर्ड नाही" किंवा "पायथन नाही" एवढ्यावरून आम्ही कुणाला काढत नव्हतो. काढायचो ते वेगळ्याच कारणांनी.

एक नमुना सांगतो, ओळख पटणार नाही इतपत. अर्जासोबत मिमिक-३ वर केलेला प्रकल्प होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या, ओळख पुसलेल्या नोंदींचा हा संग्रह. ओळख लपवण्यासाठी त्यात ८९ वर्षांपुढच्या रुग्णांच्या जन्मतारखा मागे सरकवल्या आहेत, त्यामुळे हिशेबात त्यांचं वय ३०० च्या घरात येतं. या अर्जदाराने वयाचा आलेख काढला, तिकडे ३०० जवळ एक उंचवटा दिसला. त्याने "आउटलायर" (इतरांपासून फटकून असलेले आकडे) असं लिहून त्या सगळ्या ओळी उडवल्या आणि मृत्यूचा अंदाज देणारं मॉडेल बनवलं. म्हणजे अतिदक्षता विभागातले सगळ्यात म्हातारे लोकच गायब! खाली अचूकतेचा आकडा ठळक अक्षरांत.

त्याहून वाईट म्हणजे मूळ तक्त्यांतल्या ओळी त्याने गिटहब या कोड टाकायच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी उघड्या ठेवल्या होत्या. हा डेटा मिळवताना प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि कुणालाही पुढे देणार नाही अशा करारावर सही करावी लागते. सही करूनही ज्याने हे केलं, त्याला उद्या खऱ्या रुग्णांच्या नोंदींसमोर बसवायचं? तिथे चर्चा संपली.

डावा_कंस
पण ३०० वर्षांची भानगड डेटासंचाच्या माहितीपत्रकात लिहिलेली आहे. त्याने ते वाचलं नाही, एवढंच. यात वॉर्ड कुठून आला?

रात्रपाळी
माहितीपत्रक वाचलं नसतं तरी मला कळलं असतं. नव्वदीच्या पुढचा एकही माणूस नाही असं आयसीयू मी अजून पाहिलेलं नाही.

तिसरा_बाक
षटकार.

आडवाट
मुळात ही पदवी घ्यायचीच कशाला, हा प्रश्न कुणी विचारत नाहीये. आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीच्या एफएचआयआर मानकाचे सगळे दस्तऐवज फुकट वाचता येतात. सिंथिया या प्रोग्रामने हवे तेवढे कृत्रिम रुग्ण तयार करता येतात, करारबिरार नाही, गिटहबवर खुशाल टाका. ओपनएमआरएस ही रुग्णनोंदींची प्रणाली २००४ पासून चालू आहे, मुक्तस्रोत आहे, तिथे काम मागायला कुणी ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) विचारत नाही. दोन वर्षांची फी आणि बुडालेला पगार जमेस धरा, मग ठरवा.

पडताळणी
आधीच रुग्णालयाच्या आयटीत असाल तर तुमचं बरोबर आहे, पदवी नंतरही घेता येते. पण बाहेरच्या माणसाला खऱ्या प्रणालीला हात कोण लावू देणार? अभ्यासक्रमाचा प्रॅक्टिकम, म्हणजे संस्थेत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम, ते दार उघडतो. म्हणूनच अर्ज करण्याआधी विभागाला ईमेल करून विचारावं: प्रॅक्टिकमची जागा विभाग मिळवून देतो की विद्यार्थ्याने स्वतः शोधायची? गुळमुळीत उत्तर आलं तर तो कार्यक्रम यादीत खाली सरकवा, नाव कितीही मोठं असो.

आणि नावावरूनही फसू नका. हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटचा भर नोंदींचं व्यवस्थापन, कोडिंग, कायदा यांवर असतो. बायोइन्फॉर्मॅटिक्स बहुतांशी जनुकं आणि प्रथिनांकडे जातं. एकच एसओपी तिन्हीकडे पाठवणारे वाचताना लगेच ओळखू येतात.

नमुना२१
वाचतोय कधीचा, आता विचारतो. मी लॅब टेक्निशियन आहे. रात्रपाळीताईंच्या नियमात बसतो, पण एसक्यूएल जेमतेम येतं. एसओपीत काय लिहू कळत नाही. एक प्रसंग आहे, तो लिहिण्यासारखा आहे का सांगा. आमच्याकडे दुसऱ्या एका लॅबचे जुने अहवाल आमच्या प्रणालीत ओढले गेले. एका रुग्णाच्या उपाशीपोटी साखरेचा आलेख अचानक १२६ वरून ७ वर आपटलेला. डॉक्टरांचा फोन आला, मशीन बिघडलंय का म्हणून. मशीन ठणठणीत होतं. आमचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, त्यांचे मिलिमोल प्रति लिटरमध्ये. १८ ने भागलं की १२६ चे ७ होतात. साखर जिथल्या तिथेच होती.

रात्रपाळी
अहो, हे सोडून तुम्ही दुसरं काय लिहिणार होतात?

डावा_कंस
प्रसंग छान आहे, पण नुसता किस्सा सांगून थांबू नका. लॉइंक या चाचण्यांच्या प्रमाणित कोडांच्या यादीत या दोन चाचण्यांना वेगळे कोड आहेत. सीरम किंवा प्लाझ्मातलं ग्लुकोज वस्तुमानात मोजलं तर २३४५-७, मोलमध्ये मोजलं तर १४७४९-६. मग ओढताना दोन्ही एका खणात कसे पडले? कोड आलेच नव्हते? की तुमच्या प्रणालीने चाचणीच्या नावावरून जोडणी केली? एकक वेगळ्या रकान्यात होतं की आकड्याला चिकटलेलं? याची उत्तरं काढा, तोच तुमचा परिच्छेद. आणि कृपा करून अर्ज जायच्या आत संख्याशास्त्राचा एखादा गुण मिळणारा कोर्स करा. किस्स्यावर प्रवेश मिळेल, परीक्षा नाही.

नमुना२१
कोड दोन्हीकडे नव्हते. नावावरूनच जोडलं होतं, "ग्लुकोज फास्टिंग". मी पत्रक काढून सगळ्या चाचण्यांची एककं हाताने ताडून पाहिली, मूत्रपिंडाच्या चाचणीत, क्रिएटिनिनमध्येही हाच घोळ निघाला. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट जोडला तर चालेल? नाव खोडून.

पडताळणी
अजिबात नको. नाव खोडलं तरी तारीख, नोंदणी क्रमांक, चाचण्यांचा क्रम राहतो. आणि संस्थेच्या परवानगीशिवाय तो तुमचा नाहीच. काल्पनिक आकड्यांचा चार ओळींचा तक्ता पुरे. लॅबचं नावही नको, "आमची लॅब" म्हणा.

क्रिएटिनिनचं मात्र जरूर लिहा. पहिली गडबड तुम्हाला फोनमुळे कळली, दुसरी तुम्ही शोधायला गेलात म्हणून सापडली. मी वाचत असतो तर तिथे पेन्सिलने खूण केली असती. एसक्यूएल जेमतेम येतं हेही एका वाक्यात सांगून टाका आणि कोणता कोर्स चालू आहे ते पुढे जोडा. लपवलं तर ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसतंच.

डावा_कंस
"चालू आहे" नको, "पूर्ण केला" हवं. चालू असलेले कोर्स सगळ्यांचेच असतात.

आडवाट
हेच काम हा गृहस्थ पदवीशिवाय करतोय, याची नोंद घ्यावी.

रात्रपाळी
करतोय, पण पत्रकावर, हाताने, आणि पुढची लॅब जोडली की पुन्हा पहिल्यापासून. ते सुधारायचा अधिकार त्याला टेक्निशियनच्या खुर्चीवरून मिळणार नाही, कितीही मुक्तस्रोत वाचा.

नमुना२१
शेवटचा प्रश्न. शिफारसपत्र कोणाकडून घेऊ? लॅबप्रमुख "कष्टाळू व वक्तशीर" एवढंच लिहितील अशी भीती आहे. प्रणालीवाल्या कंपनीचा इंजिनिअर मला चांगला ओळखतो, पत्रक त्यालाच दिलं होतं.

डावा_कंस
इंजिनिअर. त्याने काम पाहिलंय.

पडताळणी
लॅबप्रमुख चुकवू नका. वरिष्ठांचं पत्र नसलं की समितीच्या मनात शंका येते. त्यांना एककांचा प्रसंग तारखांसह अर्ध्या पानावर लिहून द्या, लोकांना आठवत नसतं म्हणून ते "वक्तशीर" लिहितात. दुसरं पत्र इंजिनिअरचं. बहुतेक ठिकाणी पत्राची लिंक विद्यापीठ थेट त्यांना पाठवतं, तेव्हा दोघांचेही कामाचे ईमेल पत्ते द्या, खासगी नकोत. आणि लिंक स्पॅममध्ये गेली नाही ना, हे मुदतीच्या आठवडाभर आधी फोन करून विचारा.