बॅटरी, बादली, स्कूटर: इटलीचं श्रेय नक्की कुणाच्या खात्यात?

लोहमार्ग

यंत्र म्हटलं की आपल्याला जर्मन आठवतो, इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की जपानी. इटालियन म्हटलं की पिझ्झा, फार तर महागड्या चपला. वाद घालायलाच धागा काढतोय, तेव्हा सरळच सांगतो: आपल्या रोजच्या जगण्यात इटलीचा हात जर्मनीइतकाच आहे, काकणभर जास्तच. तो दिसत नाही, कारण त्या वस्तू फार स्वस्त आणि फार अंगवळणी पडल्यात.

बॅटरीच घ्या. अलेस्सांद्रो व्होल्टा, कोमो गावचा, पाविया विद्यापीठात प्राध्यापक. १८०० साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपली रचना कळवली: चांदीची चकती, जस्ताची चकती, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चांदी, पुन्हा जस्त, अशी चळत. तोवर वीज म्हणजे ठिणगी, आली आणि गेली. सतत वाहणारा प्रवाह माणसाच्या हाताशी पहिल्यांदा इथे आला. आणि हे झालं भांडणातून. बोलोन्याचा गॅल्व्हानी म्हणायचा की मेलेल्या बेडकाची तंगडी झटका देते ती प्राण्याच्या अंगातल्या विजेमुळे. व्होल्टा म्हणाला, बेडकाचा काही संबंध नाही, वीज दोन वेगळ्या धातूंच्या जोडीत आहे. मग बेडूक वगळून त्याने ते करूनच दाखवलं.

दुसरं उदाहरण स्कूटरचं. पियाज्जोची व्हेस्पा, १९४६. आराखडा कोराडिनो दास्कानियोचा, आणि तो मूळचा विमानं-हेलिकॉप्टरवाला. म्हणूनच पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं आहे, विमानाच्या चाकासारखं.

तिसरं, ज्यावर हे वाचताय त्यातली चिप. १९७१ चा इंटेल ४००४, पहिला बाजारात आलेला मायक्रोप्रोसेसर, प्रत्यक्ष रचला फेदेरिको फाजीनने. तो व्हिचेन्झाचा. चिपवर त्याची आद्याक्षरं कोरलेली आहेत.

बोला आता.

तिरकस

धागा छान, निष्कर्ष कच्चा. व्होल्टाने पत्र लिहिलं तेव्हा 'इटली' नावाचा देश नव्हताच, तो झाला १८६१ ला. फाजीनने चिप केली कॅलिफोर्नियात, अमेरिकन कंपनीत, बुसिकॉम या जपानी कॅल्क्युलेटर कंपनीच्या ऑर्डरवर. मूळ कल्पना इंटेलच्याच टेड हॉफची, शिवाय बुसिकॉमचा शिमा खांद्याला खांदा लावून बसलेला. पासपोर्ट बघून शोध वाटायचे असतील तर मग आपणही निम्मी सिलिकॉन व्हॅली खिशात घालू. घालतोच म्हणा, दर दिवाळीला त्याचे फॉरवर्ड येतात.

पॉलिमरवाला

लोहमार्ग, तुमच्या यादीतलं सर्वात मोठं नाव राहिलं. मी भोसरीत मोल्डिंगच्या धंद्यात आहे, म्हणून लिहितो.

स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा रिकामा करून उलटा करा. तळाला बाणांचा त्रिकोण दिसेल, आत आकडा. ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलिन, आमच्या तोंडी 'पीपी'. खताची पांढरी विणलेली गोणी पीपी, इंजेक्शनच्या सिरिंजची नळी पीपी, गाडीच्या बॅटरीची पेटी पीपी, कित्येक बादल्या पीपी. ज्युलियो नाट्टाने हे मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये १९५४ च्या मार्चमध्ये केलं. डायरीत त्या दिवशी एवढंच लिहिलंय की पॉलिप्रॉपिलिन झालं.

यात विशेष काय? प्रॉपिलिनच्या साखळीला ठरावीक अंतरावर एकेक फांदी असते. फांद्या कशाही, इकडे-तिकडे फुटल्या तर हाती येतो चिकट, रबरासारखा गोळा, काही कामाचा नाही. सगळ्या एकाच बाजूला आल्या की साखळ्या नीट शेजारी-शेजारी बसतात, स्फटिक होतात, आणि १६० अंशांच्या आसपास वितळणारं टणक प्लास्टिक मिळतं. म्हणून त्यात उकळतं पाणी ओतता येतं, दवाखान्यात वाफेने निर्जंतुक करता येतं. शाम्पूच्या बाटलीचं झाकण बघा: झाकण आणि बूड यांना जोडणारी पातळ पट्टी हीच बिजागरी. हजारो वेळा वाकवली तरी तुटत नाही. दुसऱ्या साध्या प्लास्टिकमध्ये करून बघा, आठवड्यात गिऱ्हाईक परत येईल.

आज आमच्या शेडमध्ये येणाऱ्या दाण्याच्या पोत्यांत निम्मी तरी पीपीची असतात. आणि ती पोतीही पीपीचीच. नाट्टाला १९६३ चं नोबेल मिळालं, पण इथे नाव कुणाला ठाऊक नाही.

तिरकस

नोबेल मिळालं, पण विभागून, जर्मनीच्या कार्ल झीग्लरबरोबर. कारण ज्या उत्प्रेरकाने फांद्या एका बाजूला येतात तो मुळात झीग्लरचा होता. शिवाय अमेरिकेत फिलिप्स पेट्रोलियमच्या दोघांच्या हाती १९५१ लाच स्फटिकरूप पॉलिप्रॉपिलिन लागलं होतं. त्या पेटंटचं भांडण इतकं चिघळलं की अमेरिकेतलं पेटंट फिलिप्सच्या नावावर झालं ते १९८३ ला. जर्मनीपेक्षा काकणभर जास्त म्हणालात ना? उदाहरण नेमकं जर्मनाशिवाय अडणारं निघालं.

पॉलिमरवाला

झीग्लर त्या उत्प्रेरकाने पॉलिथिन करत होता. प्रॉपिलिन घालून जे निघालं त्याची आतली रचना एक्स-रे लावून उलगडली आणि ते का टणक आहे हे सांगितलं नाट्टाच्या लोकांनी. पेटंट कुणाचं ते कोर्टाने बघावं. साचा लावणाऱ्याला रचना कळण्याचाच उपयोग.

बोलभांड

बिनतारी संदेशवाल्या मार्कोनीचं नाव अजून कुणी काढलं नाही म्हणजे सगळे घाबरून आहेत. मी काढतो. जगदीशचंद्र बोसांनी पाऱ्याच्या कोहेररवरचा (बिनतारी लहरी टिपणारा भाग) निबंध १८९९ ला रॉयल सोसायटीत मांडला. १९०१ ला मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकला तो पाऱ्याच्याच कोहेररवर, आणि त्याला नाव काय, तर 'इटालियन नौदलाचा कोहेरर'. आता बोला इटलीचं श्रेय!

लोहमार्ग

बोसांचं काम मोठंच, पण त्यांना पेटंटमध्ये रसच नव्हता, एक घेतलं तेही मित्रांच्या आग्रहाने. मार्कोनीचं कर्तृत्व एका भागात नाहीच. लांब तार उभारायची, जमिनीला जोडायची, यंत्र मैलोन्‌मैल चालवून दाखवायचं आणि त्याची सेवा विकायची, हे त्याने केलं. १९२७ साली खडकी आणि दौंडला बीम केंद्रं (लहरी एकाच दिशेने सोडणारी-टिपणारी) उभी राहिली, हिंदुस्थान-इंग्लंड बिनतारी संदेश त्यावरून जायला लागले, ती त्याच्याच पद्धतीची. दौंडला गाडी बदलताना किती जणांना हे माहीत असतं?

तिरकस

आणि हे सगळं त्याने कुठून केलं? लंडनमधून. आई आयरिश, माहेर सधन, ओळखी तिकडच्या. १८९६ चं पेटंट ब्रिटिश, १८९७ ची कंपनी ब्रिटिश. माझा मुद्दा एवढाच आहे: डोकं इटलीचं असेलही, पण त्याला पैसा, कारखाना आणि गिऱ्हाईक दिलं दुसऱ्यांनी. रोजच्या जगण्यावर ठसा उमटतो तो या दुसऱ्या भागाने. अंतोनिओ मेउच्चीचं उघड उदाहरण आहे. फ्लॉरेन्सचा माणूस, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर राहिला, बोलणं तारेतून पाठवण्याच्या यंत्राची पूर्वसूचना १८७१ ला पेटंट कार्यालयात दिली. ती चालू ठेवायची फी दहा डॉलर. १८७४ नंतर भरली नाही. १८७६ ला बेलचं पेटंट. पुढे २००२ ला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने मेउच्चीच्या कामाचा गौरव करणारा ठराव केला, तर दहा दिवसांत कॅनडाच्या संसदेने बेलच्या बाजूने ठराव केला. फोन मात्र तोवर सगळ्यांच्या खिशात पोचला होता.

चहाबाज

अवांतर: लग्नात जेवणानंतर 'एस्प्रेसो' म्हणून जो फेसाळ गोड प्रकार देतात, वर चॉकलेट पावडर भुरभुरलेला, त्याचा नि इटलीचा संबंध फक्त वाफेपुरता. तिथेसुद्धा १९०१ च्या बेझेराच्या यंत्रात वाफेचाच दाब होता. खरी दाट साय आली ती १९४८ च्या सुमारास गाज्जियाच्या दांड्याच्या यंत्राने. मला लग्नातलीच आवडते.

काकू_चिंचवड

स्कूटरवरून दोन शब्द. आमच्याकडे चेतक होती. सकाळी हे बाहेर आले की आधी गाडी आडवी कलंडवायची, मग किक. इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला टांगलेलं, सगळं वजन एकीकडे. ही खोड थेट इटलीहून आलेली. पण तुम्ही लोक विसरताय की व्हेस्पा इथे घराघरात गेली ती आकुर्डीच्या बजाजमुळे. पियाज्जोचा परवाना १९६० च्या सुमारास घेतला, ७१ ला संपला, सरकारने पुढे वाढवू दिला नाही, आणि ७२ ला बजाजने चेतक काढली. नंबर लागायला आठ-दहा वर्षं जायची. नाव नोंदवलेली पावती लग्नाच्या बैठकीत जमेच्या बाजूला धरली जायची. ती इज्जत पियाज्जोने नाही, आकुर्डीने आणि परमिट राजने दिली.

लोहमार्ग

काकू, पण इथे आली कुठली गाडी? साडी नेसून पाय न टाकता बसता येईल, चेन नाही म्हणून कपडे तेलकट होत नाहीत, पायापाशी गॅस सिलिंडर मावतो, स्टेपनी सोबत. हे १९४६ च्या आराखड्यातलंच. चांगल्या आराखड्यावर दुसऱ्या देशाने उभं आयुष्य काढावं, याहून मोठा ठसा कुठला?

काकू_चिंचवड

सिलिंडर मावतो हे बायकांना विचारून केलं नव्हतं हो. दास्कानियोला मोटरसायकल आवडत नव्हती म्हणून झालं ते. बाकी मान्य.

तिरकस

शेवटचं, मग झोपतो. ऑलिवेट्टी ही इटालियन कंपनी. टेबलावर मावणारा, साधा कारकून चालवू शकेल असा संगणक 'प्रोग्रामा १०१', तिच्या पेरोत्तोच्या चमूने केला, १९६५ ला न्यूयॉर्कला दाखवला. नासानेही घेतले. आणि त्याच कंपनीने त्याच्या आदल्याच वर्षी आपला इलेक्ट्रॉनिक्स विभाग जनरल इलेक्ट्रिकला विकून टाकला होता! चमू कसाबसा वाचला. आज टेबलावरचा संगणक म्हटल्यावर ऑलिवेट्टी आठवतं कुणाला?

लोहमार्ग

ह्यूलेट-पॅकार्डला आठवत होतं. त्यांच्या '९१००' या टेबलावरच्या यंत्रात प्रोग्रामाच्या कल्पना उतरल्या म्हणून त्यांनी ऑलिवेट्टीला नऊ लाख डॉलर मोजले.

तिरकस

नऊ लाख देऊन पुढचा धंदा कुणी केला? माझाच मुद्दा.

लोहमार्ग

पैसे मोजले म्हणजे वस्तू कुणाची ते घेणाऱ्यानेच लिहून दिलं. तुमचा कसा?