गिधाडं उपासमारीनं गेली नाहीत

मेलेली गुरं उघड्यावर टाकणं बंद झालं म्हणून गिधाडं संपली, असं कुणी कुणी म्हणतं. पटत नाही. खायलाच नव्हतं, तर मग ढोरं टाकायच्या जागी भटक्या कुत्र्यांची चंगळ कशी झाली?

खरं कारण २००४ साली उजेडात आलं: डायक्लोफिनॅक. गुरांच्या सूज-दुखण्यावर सर्रास टोचलं जाणारं स्वस्त औषध. टोचल्यावर लगेच जनावर दगावलं की हे औषध मांसात राहतं. ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, रक्तात युरिक आम्ल वाढतं, आणि शवविच्छेदनात यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसतो. शंभरात एखादं शव असं बाधित असलं तरी पुरे, कारण एकेका शवावर थवाच्या थवा उतरतो. पांढऱ्या पाठीची ९९ टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली ती अशी.

२००६ मध्ये गुरांसाठी बंदी आली. मग माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचल्या (जुगाडात आपला हात कोण धरणार!). शेवटी २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपी ३ मिलीवर आणावी लागली. २०२३ मध्ये गुरांसाठी केटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या गिधाडांना घातक असलेल्या दुसऱ्या दोन वेदनाशामकांवरही बंदी आली.

रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला उरलीसुरली गिधाडं जपताना खाद्य पुरवावं लागलं, हे मान्य. पण तो पुढचा प्रश्न. घरी गुरं असतील तर डॉक्टरांना सूज-दुखण्यावर मेलॉक्सिकॅम हे औषध द्यायला सांगा, ते गिधाडांना बाधत नाही.